वाचल्याशिवाय मान्य नाही

शिरूरच्या माझ्या घरमालकीणबाई रविवारच्या उपासनेत सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायच्या. आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवून कमावलेला आवाज. मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला. त्यामुळे एका रविवारी तो आला नाही, तेव्हा चर्चमधल्या झाडून सगळ्यांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. बाई ओठ मिटून शांत बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर पाळकसाहेबांनीच काळजीनं विचारलं, “बाई, तब्येत बरी आहे ना?”

“ठणठणीत आहे. तुम्ही प्रार्थनेत त्या उमेदवाराला यश मागितलंत. आमेन म्हणजे ‘तसंच होवो’. तसं होऊ नये असं मला वाटत होतं. मग कसं म्हणू?”

पाळकसाहेब हसले, पण पुढे प्रार्थनेत उमेदवार आला नाही.

बाईंचं सगळं असं होतं. ‘हो’ म्हणण्याआधी त्या ज्याला हो म्हणायचं ते पूर्ण वाचायच्या, ऐकायच्या, उलटून पाहायच्या. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद त्या भिंग घेऊन वाचायच्या आणि डॉक्टरांना फोन करून विचारायच्या, की यात चक्कर येऊ शकते असं लिहिलंय, तर ती बसल्यावर येते की उठल्यावर? एसटीत बसल्या की संकटकाळी बाहेर पडण्याच्या खिडकीवरची सूचना वाचायच्या आणि कंडक्टरला ती खिडकी उघडून दाखवायला लावायच्या. न्हावऱ्याच्या गाडीचा कंडक्टर तर त्या चढल्या की आपणहून सांगायचा, “बाई, उघडती. सकाळीच बघितलीया.”

मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत होते. शिरूरजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात मला नोकरी लागली आणि राहायचा प्रश्न आला, तेव्हा वडिलांचे मित्र असलेल्या गार्डमामांनी सांगितलं, “शिरूरला माझी थोरली बहीण हाय. एकटीच असती. मिशनच्या आवाराला लागून घर हाय. मागची खोली दील ती. फक्त करार नीट वाच.”

मला वाटलं, करारात काही मेख असेल. मेख एवढीच होती, की तो मला ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायला लागला. अकरा महिन्यांचा साधा छापील करार. पण दर कलमाला बाई थांबवायच्या. “समजलं? आता तुझ्या शब्दांत सांग.” मी सांगितलं. एका ठिकाणी ‘उपरोक्त’ म्हणजे नेमकं कोण, हे मला सांगता येईना. बाईंनी ते खोडून तिथं ‘भाडेकरू मुलगी’ असं लिहिलं आणि खाली आमच्या दोघींच्या सह्या घेतल्या. वकिलानं नंतर कपाळाला हात लावला. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदाच आपण कशावर सही केली ते माहीत होतं.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, हे मी कधी विचारलं नाही. एकदा त्याच बोलल्या, “स्थळं आली होती. प्रत्येकाला मी चार प्रश्न विचारायचे. तिसऱ्या प्रश्नाला लोक चहा संपवायचे.” चौथा प्रश्न काय होता, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीशी एक संगणक होता. शाळेतून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी दिलेला. त्याच्यावर भरतकामाचा रुमाल असायचा, आणि रोज संध्याकाळी तो रुमाल काढून, घडी घालून बाई संगणकासमोर बसायच्या. कशासाठी, तर भावाची मेल वाचण्यासाठी.

गार्डमामांविषयी थोडं सांगायला हवं. आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसलेला माणूस. समोरासमोर बोलायला त्यांना जमायचं नाही. फोनवर तर ‘हं’ आणि ‘बरं हाय’ यापलीकडे गाडी जायची नाही. पण लिहायला बसले की लिहायचे. बायको गेल्यावर तर फारच. मेलची सुरुवात गाडीचा अहवाल लिहावा तशी : ‘दौंड. हवा स्वच्छ. सून कामावर गेली. गुडघा वेळेवर दुखतो.’ मग हळूहळू आतलं काही यायचं. बाई ती मेल वाचून हसायच्या, एखाद्या ठिकाणी चष्मा काढून पुसायच्या, आणि उत्तरात सगळ्यांत आधी त्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका कळवायच्या.

मग मामांना काचबिंदू झाला. उपचार झाले, पण उशिरा. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धूसर झालं. मेल लहान होत गेल्या. मग एके दिवशी ‘आता अक्षर लागत नाही. थांबतो.’ अशी ओळ आली आणि त्यानंतर काही आलंच नाही.

बाई रोज संध्याकाळी रुमाल काढायच्याच. बसायच्या. थोड्या वेळानं रुमाल परत घालायच्या. फोन करायच्या, तर पलीकडून ‘बरं हाय.’ मुलानं मामांना बोलणारा मोबाइल आणून दिला, तर त्यांनी तो दोन दिवसांत उशीखाली सारला. “काचेवर बोट फिरवायचं, हाताला काही लागत न्हाई. कुठं हाय तेच कळत न्हाई,” म्हणाले. मी सुट्टीला दौंडला गेले की त्यांना भेटायचे. कॉटवर भिंतीकडं तोंड करून बसलेले असायचे. गाड्यांचे आवाज ऐकायचे म्हणावं, तर खिडकीही लावून घेतलेली.

“त्याला बोलता येत नाही गं,” बाई मला म्हणायच्या. “त्याला लिहिता येतं. लिहिणं गेलं तर तो आतच राहील.”

नेमका त्याच सुमारास बाईंचा संगणक कुरकुरायला लागला. त्यातली संगणक चालवणारी प्रणाली जुनी झाली होती. यापुढे तिची देखभाल होणार नाही अशी पाटी रोज पडद्यावर यायची. आम्ही तो रिक्षात घालून बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. मोकळा, बोलका माणूस.

“बाई, हिचं आता वय झालं,” तो म्हणाला. “नवी सिस्टिम हिला जरा जडच जाती. जुनीला कंपनीनं सोडून दिलंय.”

“वय माझंही झालंय. मला कोणी सोडलेलं नाही.”

“तसं न्हाई वो. मी करतो की जुगाड. नवीचीच कॉपी टाकून देतो. समदे तेच करत्यात.”

“न विचारता घ्यायची?”

त्यानं डोकं खाजवलं. “बरं, मग रीतसर घेऊ. एवढं ‘मी सहमत आहे’वर दाबा, पुढचं मी बघतो.”

ही चूक त्यानं करायला नको होती. बाईंनी खुर्ची ओढली, पिशवीतून शब्दकोश काढला आणि तो करारनामा वाचायला घेतला. मागं सातबाऱ्याच्या प्रती काढायला आलेली माणसं ताटकळली. तळेगाव ढमढेऱ्याहून आलेले एक आप्पा बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, “कोर्टाची केस हाय व्हय बाईंची?”

वाचून झाल्यावर बाई उठल्या. “यात लिहिलंय, की ही वस्तू माझी नाही, मला नुसती वापरायला दिलीय. आत काय आहे ते मी उघडून पाहायचं नाही. आणि पुढं त्यांनी अटी बदलल्या, तर त्याही मला मान्य आहेत असं धरायचं. पुढच्या वर्षी मला काय मान्य असेल ते मी आज कसं सांगू?”

“पण बाई, हे कुणीच वाचत न्हाई!”

“म्हणूनच ते एवढं लांब लिहितात.”

संगणक रिक्षातून परत आला.

आमच्या कारखान्यात एक इंजिनिअर होता. त्याला मी हा किस्सा हसत हसत सांगितला, तर तो गंभीरपणे म्हणाला, “मग त्यांना लिनक्स द्या की. तीही संगणक चालवायची प्रणालीच. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं. आत उघडून बघायलाही मोकळीक.” आणि जाता जाता म्हणाला, “पडद्यावरचं वाचून दाखवायचीही सोय असते त्यात. मराठीतसुद्धा. आवाज जरा पत्र्यासारखा आहे.”

ते शेवटचं मी बाईंना सांगितलं आणि त्यांचा हात पोळपाटावरच थांबला. “म्हणजे बाळूला वाचता येईल?”

बाळू म्हणजे गार्डमामा. साठी उलटलेल्या त्या माणसाला बाळू म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

पण दुसऱ्याच क्षणी बाईंचा चेहरा संशयी झाला. “फुकट का देतात? त्यांना काय हवंय?”

मला माहीत नव्हतं. मग लिनक्ससोबत येणाऱ्या वापराच्या परवान्याचा मजकूर मी कारखान्यातून छापून आणला, आणि आठवडाभर बाई तो शब्दकोश घेऊन वाचत होत्या. वाचताना मध्येच हाक मारायच्या : “अगं, इकडं ये. हे म्हणतात, हवं तिथं चालवा. उघडून पाहा. आवडलं नाही तर बदला. दुसऱ्याला द्या. फक्त ज्याला द्याल त्यालाही ही सगळी मोकळीक द्या, अडवून धरू नका.” त्यांना कुठंतरी फसगत सापडायला हवी होती. त्या शोधत राहिल्या. शेवटचं पान उलटं ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि रिकाम्या खोलीत, चर्चमध्ये म्हणायच्या तेवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, “आमेन.”

मला वाटलं, सुटलो आम्ही. पण खरी अडचण तिथंच सुरू झाली. लिनक्स म्हणजे एक वस्तू नव्हे. त्याचे प्रकार ढिगानं. आम्हा दोघींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. इंटरनेटवर ‘नवशिक्यांनी कोणतं घ्यावं’ असं विचारावं, तर तिथं जाणत्या लोकांचीच आपसात जुंपलेली. एक म्हणायचा हे सोपं, दुसरा म्हणायचा ते सोपं वापरणारे आळशी. बाईंनी ती भांडणंसुद्धा पूर्ण वाचली. “ही माणसं चांगली आहेत,” त्यांचा निष्कर्ष. “पण यांनी कधी पहिली-दुसरीच्या वर्गावर शिकवलेलं नाही.”

एक गोष्ट मात्र फार सोयीची होती. ही प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणकातलं काहीही न हलवता, आधी नुसती चालवून पाहता येते. पसंत पडली तर बसवायची, नाहीतर पेन ड्राइव्ह काढला की झालं. बाईंना हे इतकं आवडलं, की त्या म्हणाल्या, “असं माझ्या वेळी असतं तर कदाचित लग्न केलं असतं.”

मग आमचे रविवार सुरू झाले. उपासना, जेवण, आणि दुपारी एक नवी प्रणाली. खिडकीच्या चौकटीला खिळे ठोकून बाईंनी पेन ड्राइव्ह टांगले होते; प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी. लाल चिंधीवालं पहिलं. ते बाईंनी निवडलं ते तत्त्वासाठी. मोकळिकीच्या बाबतीत ते सगळ्यांत कडक होतं. इतकं कडक, की आमच्या संगणकाचा वायफायचा भाग त्याच्या नियमात बसेना आणि इंटरनेटच लागेना. दोन रविवार आम्ही झटलो. “तत्त्व बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, “पण आपली तयारी नाही. खाली ठेव.”

पिवळ्या चिंधीवालं दिसायला देखणं. सरकन पडदे यायचे, जायचे. आमचा संगणक त्यांच्यामागून धापा टाकत यायचा. हिरव्यातलं मराठी भाषांतर वाचून तर बाईंनी लाल पेन हातात घेतलं. संगणक बंद करायच्या जागी तिथं ‘बंद पाडा’ लिहिलं होतं. “बंद पाडायला हा काय कारखाना आहे? ‘बंद करा’ म्हणावं!” त्यांनी भाषांतर करणाऱ्यांना तसं कळवलं. मला वाटलं, कोण लक्ष देतंय. पण काही दिवसांनी उत्तर आलं : सुधारणा स्वीकारली आहे, आणखी मदत कराल का? बाईंनी ते उत्तर मला दोनदा वाचायला लावलं. आज त्या सत्तरीच्या पुढं गेल्यात आणि अजून रोज सकाळी चहानंतर त्या प्रणालीचे मराठी शब्द तपासत बसतात. परवाच फोनवर सांगत होत्या, की ‘अनुप्रयोग’ या शब्दाशी त्यांचं अजून जमत नाही.

प्रत्येक प्रणालीची त्या एक परीक्षा घ्यायच्या. आधी एक वाक्य लिहायच्या : ‘आचार्यांनी आचाऱ्यांना वाढायला सांगितलं.’ दुसऱ्या शब्दातला ‘ऱ्या’ नीट उमटला तरच पुढं. एकीत तो उमटला नाही. “आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवणारी प्रणाली मला नको,” असं म्हणून त्यांनी पेन ड्राइव्ह खिळ्याला लावला.

आणि शेवटची परीक्षा. ती पहिल्यांदा घेतली त्या दुपारचा प्रसंग मला स्पष्ट आठवतो. मी आत भांडी घासत होते. बाहेरून पत्र्यासारखा आवाज येत होता, “फाइल. संपादन. दृश्य.” तेवढ्यात दूधवाल्या मावशींची किंकाळी आली, “अगं बया! बाईंच्या डोळ्याला काय झालं?” मी हात पुसत धावले. बाई संगणकासमोर ताठ बसलेल्या; माझी काळी ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधलेली आणि दोन्ही हात बटणांवर चाचपडत.

“काही झालेलं नाही,” त्या ओढणीआडून म्हणाल्या. “मी बाळूच्या जागी बसून पाहतेय.”

मावशी दूध ओतून, मागं वळून वळून बघत गेल्या. बाई तशाच बसून राहिल्या. आवाज सुरू करायची तीन बटणं एकदम दाबायची असतात, ती सापडायची. पण मग पत्र लिहायची जागा सापडायची नाही. एकदा कोपर लागून चहाचा कप पडला. त्या चिडल्या, स्वतःलाच काहीतरी बोलल्या, पुन्हा सुरुवात केली. बऱ्याच वेळानं हात थांबले. मला वाटलं, जमलं. पण त्यांनी ओढणी सोडली नाही. तशाच म्हणाल्या, “एवढे महिने त्यानं हे एकट्यानं कसं काढलं गं?”

त्यांचा आवाज कधी असा ऐकला नव्हता. मी फरशीवरचा चहा पुसत राहिले.

त्यानंतर निवड लवकर झाली. एकीचा आवाज चांगला होता, पण संगणक सुरू होताना, आत शिरायच्या वेळी ती काहीच बोलायची नाही. “दारातच मुकी,” बाई म्हणाल्या. शेवटी जी पसंत पडली तिच्या नावात पुदिना होता, इंग्रजीत मिंट. दिसायला साधी, जुन्या संगणकाला झेपणारी, ‘ऱ्या’ नीट काढणारी. आणि तिच्यात अशी सोय करता यायची, की बटण दाबलं की मध्ये काही न विचारता उघडेल आणि आपोआप बोलायला लागेल. बाईंनी आधी ती आपल्या संगणकावर बसवली, महिनाभर वापरली, डोळे बांधून सगळा रस्ता पाठ केला. दुरुस्तीवाला मुद्दाम पाहायला आला. “आयला, ह्या मशीनला मी भंगारात काढलं हुतं,” म्हणाला, आणि बाईंकडून एक पेन ड्राइव्ह मागून घेऊन गेला. बाईंनी तो दिला, पण आधी त्याच्याकडून परवान्याचं पहिलं पान मोठ्यानं वाचून घेतलं.

मग एका शनिवारी आम्ही एसटीनं दौंडला गेलो.

मामांचा संगणक कोपऱ्यात धूळ खात होता. मामा कॉटवरच होते. “कशाला तरास घेती ताई?” एवढंच म्हणाले. त्यांचा मुलगा कामावरून लवकर आला होता. आत्याच्या या खटाटोपावर त्याचा फारसा विश्वास नव्हता, पण मुलगा भला, वायरी जोडून देत होता. बाईंनी पेन ड्राइव्ह लावला. सगळं सुरळीत चाललं. मग पडद्यावर एक चौकट आली आणि बाई थांबल्या.

“दाब की आत्या,” मुलगा म्हणाला. “पुढं पुढंच म्हणायचं असतंय.”

बाई वाचत होत्या. ‘या डिस्कवरील सर्व माहिती कायमची पुसली जाईल.’ त्यांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“बाळू, ह्यात तुझं काय काय आहे?”

“काय असायचं? जुनं काही बाही. न्हाई लागत आता.”

“काय काय आहे ते सांग.”

“मेल हायत. फोटू हायत, ते पोराच्या फोनमधी बी हायत.” मामांनी चादरीची कड सारखी केली. “आन् हिची गाणी.”

मुलानं वर पाहिलं. “आईची? कुठली गाणी?”

“नाताळात चर्चमधी म्हनायची ती. घरी सराव करायची तवा मी ह्याच्यावर धरून ठेवली हुती. तिला म्हाईत न्हवतं.”

“मला कधी सांगितलं न्हाईस, दादा!”

“तू कवा विचारलं?” मामा म्हणाले, पण रागानं नाही. “मला वाटलं, गाणी न्हाई हालायची. मशीन तेच ऱ्हानार हाय न्हवं?”

मुलगा उठला, शेजाऱ्याकडून एक बाहेरून जोडायची डिस्क मागून घेऊन आला. गाणी शोधायला वेळ लागला. मामांनी ती ‘वेळापत्रक’ नावाच्या कप्प्यात ठेवली होती. सगळं त्या डिस्कवर उतरवून झालं, तरी बाई बटणाकडे वळेनात. “उतरलंय असं ते म्हणतंय. खरंच उतरलंय का ते ऐकू.”

मुलानं एक गाणं लावलं. आधी भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी नळ बंद केला, आणि मग एक बारीक, थोडा घसरणारा, आनंदी आवाज गायला लागला. मध्येच शब्द विसरून हसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला. मुलगा उंबऱ्यात जाऊन पाठमोरा उभा राहिला. मामा भिंतीकडून वळून, पाय खाली सोडून, आवाजाकडे तोंड करून बसले. मी त्यांना असं वळून बसलेलं किती दिवसांनी पाहत होते!

गाणं संपल्यावर बाई म्हणाल्या, “आता मान्य आहे.” आणि बटण दाबलं.

प्रणाली बसेपर्यंत चहा झाला. मग मामांना खुर्चीत बसवलं. बाईंनी आपले दोन्ही हात मागं बांधून घेतले, शाळेत वर्गातून फिरताना बांधत असतील तसे. “मी हात लावणार नाही. मी सांगेन, तू कर.” मामांनी तर्जनी बटणांवरून फिरवली, दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो त्यांना बरोबर सापडला. मराठी टंकलेखन त्यांच्या बोटांतच होतं, ते कुठं गेलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं तशी लिहायची जागा उघडली आणि तो पत्र्याचा आवाज बोलला, “मजकूर संपादक.”

मामा दचकले. मग कान देऊन ऐकत म्हणाले, “हा तर आपल्या प्लॅटफॉर्मवरच्या अनाउन्सरपेक्षा वाईट बोलतो की!”

उंबऱ्यातून मुलाचं हसू ऐकू आलं. मग आम्ही सगळेच हसलो.

मामा टंकायला लागले. हळू, मग कमी हळू. एका ठिकाणी चुकलं, आवाजानं ते तसंच वाचलं, मामांनी मागं जाऊन दुरुस्त केलं. कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनी सबंध वाचून घेतलं, आणि त्या निर्विकार आवाजानं खोलीत जाहीर केलं : “दौंड. हवा स्वच्छ. ताई मागे उभी आहे. चुका शोधते आहे.”

मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “एकही नाही.” आणि पाणी प्यायला म्हणून आत गेल्या. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आत नळ वाहत होता, तेवढा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाईंनी दौंडच्याच चर्चमध्ये उपासना केली, मामा मुलाचा हात धरून बरोबर आले. दुपारभर बाईंनी त्यांच्याकडून सगळा रस्ता पुन्हा पुन्हा घोटवून घेतला आणि ऊन उतरताना आम्ही परतीच्या गाडीत बसलो. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरची गाडी. बाईंना खिडकी मिळाली. मी वाट पाहत होते, की आता त्या ती सूचना वाचतील, कंडक्टरला हाक मारतील. पण गाडी गावाबाहेर पडायच्या आत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. दिवसाउजेडी मी बाईंना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं, हातातली पिशवी सैल. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मध्येच कांद्याच्या वखारी. गाडी खड्ड्यांतून आदळत होती आणि बाईंना कशाचाच पत्ता नव्हता.

न्हावऱ्याच्या थांब्यावर त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. मी हलकेच काढला. मामा होते. आपणहून फोन करणं हे त्यांचं कधीचंच नव्हतं.

“ताई कुठं हाय?”

“झोपल्यात मामा. उठवू?”

“नको, नको. झोपू दे.” मागं तो पत्र्याचा आवाज अखंड चालू होता, बहुतेक दौंडच्या बातम्या वाचत असावा. मामांना त्याच्यावर आवाज चढवून बोलावं लागत होतं. “अगं, ह्याला गप कसं करायचं ते ताईनं शिकवलंच न्हाई. मघाधरनं बोलतोय नुसता. पोरगं बाहेर गेलंय.”

मला हसू आलं. “सोपं आहे मामा. आवाज चालू-बंद करायला तीन बटणं एकदम दाबायची, त्यातलं पहिलं...”

“थांब,” मामा म्हणाले. पलीकडे खुर्ची कुरकुरली. तो आवाज पुढचं काहीतरी वाचू लागला होता, आणि मामा ते ऐकत असावेत.

“ऱ्हाऊ दे,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “बोलतोय तर बोलू दे त्याला.”